पाठ टेकल्यानंतर

मराठीत हरलेल्या माणसाची पाठ जमिनीला लागलेली असते. कुणी 'चारीमुंड्या चीत' होतो, कुणाला 'आस्मान दाखवलं' जातं, कुणाच्या 'पाठीला माती लागते'. निवडणुकीच्या निकालापासून साहित्य संमेलनातल्या वादापर्यंत आपण हे वाक्प्रचार सर्रास वापरतो. ते सगळे आखाड्यातून आलेले आहेत आणि सगळे एकच सांगतात : पाठ टेकली की खेळ संपला. वर बसलेल्याचं काय होतं, हे भाषेला ठाऊक आहे. खाली पडलेल्याने पुढे काय करायचं, यासाठी मात्र तिच्याकडे शब्द फार थोडे आहेत.

पाठ टेकणं म्हणजे हार, हा शरीराचा नियम आहे की फक्त एका खेळाचा? आणि खेळ तिथे थांबलाच नाही, तर खालच्या माणसाच्या हाती काय उरतं? गेल्या काही वर्षांत अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, दुकानांवरच्या मजल्यांवर किंवा औद्योगिक गाळ्यांत मॅट अंथरून 'ब्राझिलियन जिऊ-जित्सू' नावाची झोंबी शिकवली जाऊ लागली आहे. शिकणारे तिला 'बीजेजे' म्हणतात. तिथे नवख्याला फार लवकर शिकवली जाणारी गोष्ट म्हणजे खाली दाबलं गेल्यावर सुटायचं कसं. वरच्या प्रश्नांची उत्तरं शोधायला म्हणूनच ही जागा सोयीची आहे.

नियम बदलला की पाठीचा अर्थ बदलतो

मातीतल्या कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला लागले की निकाल. त्यामुळे खाली सापडलेला पैलवान पाठ वाचवतो. तो पोटावर पालथा होतो, कोपरं अंगाशी घेतो, पाय फाकवून बूड जड करतो. वरचा त्याला घिस्सा मारून उलथवू पाहतो. इथे खाली असण्यात लाज नाही, उताणं होण्यात आहे.

या बचावाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण एका हिंदुस्थानी मल्लाच्याच लढतीतलं आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लाउस झ्बिश्को यांची कुस्ती झाली. झ्बिश्को लवकरच खाली गेला आणि मग अडीच तासांच्या आसपास बहुतेक वेळ मॅटला चिकटूनच राहिला. गामाला त्याला उलथवता आलं नाही, कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. पुढच्या ठरलेल्या लढतीला झ्बिश्को आलाच नाही. १९२८मध्ये पतियाळ्यात दोघे पुन्हा समोरासमोर आले तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला. १९१०च्या लढतीवर प्रेक्षक चिडले होते आणि ते स्वाभाविक होतं. पण पालथ्या माणसाला नुसत्या ताकदीने उलथवणं किती अवघड असतं, हेही त्या दिवशी दिसलं.

ज्यूदोत हिशेब घड्याळाचा असतो. जिगोरो कानो यांनी १८८२मध्ये तोक्योत कोदोकान ही शाळा काढून जुन्या जुजुत्सूतून ज्यूदो घडवला. तिथे प्रतिस्पर्ध्याला पाठीवर दाबून ठरावीक वेळ धरून ठेवलं की विजय. ही वेळ पूर्वी ३० सेकंद होती, मग २५ झाली, आता २० आहे. म्हणजे पाठ टेकल्यानंतरही खालच्याला वीस सेकंदांची मुदत मिळते. ऑलिंपिकमधल्या फ्रीस्टाइल कुस्तीत दोन्ही खांदे दाबले गेले की पराभव होतो, पण नुसती पाठ मॅटकडे वळली तरी वरच्याला गुण मिळतात.

आपल्या खाशाबा जाधवांना हे सगळे फरक अंगावर झेलावे लागले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत घडला आणि १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ला हेलसिंकीत त्याने बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटाचं सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशीईला मिळालं, आणि इशीई मूळचा ज्यूदोपटू होता. युद्धानंतर जपानमध्ये ज्यूदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. मातीतला मल्ल आणि ज्यूदोतला मल्ल तिसऱ्याच नियमांच्या मॅटवर भेटले, असं त्या लढतीचं वर्णन करता येईल.

ब्राझीलची वाट

कोदोकानचा एक मल्ल, मित्सुयो माएदा, १९०४मध्ये अमेरिकेला गेला, मग देशोदेशी कुस्त्या करत १९१४मध्ये ब्राझीलला पोहोचला. उत्तरेकडच्या बेलेम शहरात तो स्थिरावला. तिथे कार्लोस ग्रेसी नावाच्या मुलाला त्याची विद्या मिळाली आणि कार्लोसकडून ती त्याच्या भावांकडे गेली. धाकटा एलिओ अंगाने किरकोळ होता, म्हणून त्याने ताकदीऐवजी तरफेवर भर दिला, असं ग्रेसी घराण्यात सांगतात. घराण्याच्या कथा थोड्या सावधपणेच घ्याव्यात. पण झोंबी जमिनीवर गेल्यानंतरचा खेळ या मंडळींनी फार बारकाईने वाढवला, यात शंका नाही.

त्यांच्या खेळात पाठ टेकण्याला शिक्षा नाही. निकाल लागतो तो शरणागतीने. सांध्यावर ताण आला किंवा गळा आवळला गेला की खालचा (किंवा वरचाही) हाताने दोनदा-तीनदा थाप मारतो, आणि समोरचा तत्क्षणी सोडतो. आपल्याकडे कुस्तीचे भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी असे चार प्रकार परंपरेने सांगितले जातात. त्यांतल्या जांबुवंतीत प्रतिस्पर्ध्याला जखडून शरण आणणं असतं, तर जरासंधीत सांधे मोडण्याची भाषा येते. म्हणजे ही कल्पना आपल्याला परकी नाही. स्पर्धेच्या आखाड्यात मात्र खांदे टेकवण्याचा नियम टिकला आणि बाकीचं मागे पडलं.

१९५१मध्ये रिओत जपानचा मासाहिको किमुरा एलिओशी लढला. किमुरा कितीतरी वजनदार होता. त्याने एलिओला फेकलं, दाबलं आणि शेवटी खांद्याच्या पेचात पकडलं. एलिओने थाप दिली नाही, त्याच्या बाजूने लढत थांबवण्यात आली. तो पेच आज जगभर 'किमुरा' म्हणून ओळखला जातो. हरवणाऱ्याचं नाव हरलेल्यांनी जपून ठेवलं.

खालच्याचं काम

आता मूळ मुद्दा. ऐंशी किलोचा माणूस छातीवर बसला आहे, असं समजा. या स्थितीला 'माउंट' म्हणतात. नवखा माणूस हात ताठ करून त्याला वर ढकलू लागतो. यात दोन घात आहेत. एक, दंडाचे स्नायू काही सेकंदांत थकतात. दोन, ताठ झालेला हात वरच्याला आयता मिळतो आणि त्याच कोपराचा पेच पडतो. म्हणून पहिला धडा असा : कोपरं बरगड्यांशी, हनुवटी खाली, आणि वरच्याचं वजन उचलायचा नाद सोडायचा. तो हलत नसेल तर आपण हलायचं.

हलण्याच्या दोन मूळ रीती आहेत. पहिली ब्रिज. टाचा बुडाजवळ घेऊन कंबर जोरात वर उचलायची, पण सरळ आभाळाकडे नव्हे, एका खांद्याच्या दिशेने. त्याआधी वरच्याचा त्या बाजूचा हात आपल्या हातांनी आणि त्याच बाजूचा पाय आपल्या पायाने अडकवायचा. चौरंगाचे एका बाजूचे दोन्ही पाय काढले तर तो त्याच बाजूला कलंडतो. इथेही तेच होतं. हात मोकळा राहिला तर तो जमिनीवर टेकवून वरचा सावरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

दुसरी रीत मुंबईकराला नावावरूनच कळेल. इंग्रजीत तिला 'श्रिंप' म्हणतात, जपानीत 'एबी'. दोन्हींचा अर्थ कोळंबी. कुशीवर वळायचं, एक पाय जमिनीत रोवायचा आणि कंबर मागे सरकवत शरीर कोळंबीसारखं वाकवायचं. माउंटखाली असताना कुशीवर वळून कोपराने वरच्याचा गुडघा रेटला की एक फट तयार होते. त्या फटीत आपला गुडघा घालायचा, एक पाय बाहेर काढायचा, मग दुसऱ्या बाजूला तेच. दोन्ही पाय दोघांच्या मध्ये आले की त्या स्थितीला 'गार्ड' म्हणतात. पाठ अजून जमिनीवरच असते, पण आता पायांची कुंपणभिंत उभी राहिलेली असते.

वरचा आडवा छातीवर पडला असेल तर ते 'साइड कंट्रोल'. इथे आधी 'फ्रेम' लागते. एक पुढचा हात त्याच्या मानेशी आणि दुसरा त्याच्या कमरेशी असा लावायचा की भार स्नायूंऐवजी हाडांवर येईल. छताला टेकू देताना आपण लाकूड तिरकं लावत नाही, उभं लावतो, तसंच हे. मग त्याच्याच दिशेने ब्रिज करायचा. त्याचं वजन क्षणभर उचललं जातं. ते परत खाली येईपर्यंत कंबर कोळंबीसारखी दूर न्यायची आणि जवळचा गुडघा मध्ये घालायचा. ब्रिज जागा करतो, फ्रेम ती राखते, कोळंबी ती वापरते. क्रम चुकला की काहीच होत नाही.

चौथी गोष्ट वेळ. पक्का बसलेला माणूस हलवणं कठीण असतं. पण त्याला पुढचा डाव करायचा असेल तर त्यालाही हात किंवा गुडघा उचलावा लागतो. तो क्षण येईपर्यंत खालच्याने फ्रेम राखून थांबायचं असतं. हे थांबणं बाहेरून हार मानल्यासारखं दिसतं.

मातीतला पैलवान मॅटवर

एका परंपरेतलं शहाणपण दुसऱ्या परंपरेत कसं उलटतं, ते इथे दिसतं. कुस्तीत घडलेला माणूस मॅटवर खाली सापडला की सवयीने पालथा होतो, कारण त्याने आयुष्यभर पाठ वाचवलेली असते. बीजेजेत हीच सर्वांत धोक्याची स्थिती. पाठीवर चढलेला माणूस मागून गळ्याभोवती हात घालतो आणि मग दिसतही नाही, तोडही सुचत नाही. उलट निव्वळ बीजेजे शिकलेला माणूस मातीत उतरला आणि 'गार्ड' करायला निवांत उताणा झाला, तर पंच शिट्टी वाजवून मोकळे होतील. दोघांपैकी कुणीही अडाणी नसतो. प्रत्येकाच्या शरीराने आपापल्या आखाड्याचा नियम मुखोद्गत केलेला असतो.

बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेला, १९३६पासून दहा खंडांत निघालेला 'व्यायाम ज्ञानकोश' ज्यांनी चाळला आहे, त्यांना मराठीत शरीरविद्या किती काटेकोरपणे लिहिली गेली आहे हे माहीत असेल. आज उपनगरांतल्या मॅटवर जे शिकवलं जातं, त्यासाठी मराठी शब्द अजून घडायचे आहेत. 'कोळंबी मार' असं कुणी प्रशिक्षक ओरडला तर मला आनंदच होईल.

छातीवरचा भार

दाबलं जाण्याची खरी भीती हरण्याची नसते, श्वासाची असते. छातीवर भार आला की बरगड्या फुलत नाहीत, श्वास उथळ होतो, उथळ श्वासाने घबराट वाढते आणि घबराटीने श्वास आणखी लागतो. कुशीवर वळल्याने एका बाजूच्या बरगड्या तरी मोकळ्या होतात, म्हणून वळणं ही सुटकेची पहिली पायरी आहे. नवख्यांना आधी हेच शिकावं लागतं : दबावाखाली श्वास सोडत राहणं.

मुंबईकराला हे सर्वस्वी नवं नाही. सकाळी बोरिवलीला किंवा घाटकोपरला गाडीत शिरणारा जुना प्रवासी पिशवी पोटाशी घेतो आणि पुढचे हात छातीसमोर आडवे धरतो. ही फ्रेमच आहे, कुणी न शिकवलेली. तिचं मोल २९ सप्टेंबर २०१७ला या शहराला फार क्रूरपणे कळलं. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. अशा गर्दीत माणसं बहुधा तुडवून नाही, छाती दाबली जाऊन गुदमरतात. हात छातीसमोर ठेवण्याचा सल्ला गर्दीचे अभ्यासक देतात तो यासाठीच. पण तिथे समोर एक प्रतिस्पर्धी नसतो, सगळ्या बाजूंनी भार असतो, आणि कुणाचीही थाप कुणाला ऐकू जात नाही. तिथे डाव चालत नाहीत. तिथे पूल रुंद असावा लागतो.

स्त्रियांच्या बाबतीतही अशीच मर्यादा सांगायला हवी. या वर्गांना येणाऱ्या काही जणी स्वसंरक्षणासाठी येतात, कारण ज्या स्थितीची भीती त्यांना लहानपणापासून दाखवलेली असते, तीच इथे रोज, सुरक्षितपणे, नियमात बांधून सरावाला घेतली जाते. सुटकेची हमी कोणतीही विद्या देत नाही. पण ज्या शरीराने शंभर वेळा तो भार अनुभवला आहे, ते एकशे एकाव्या वेळी गोठून जाण्याची शक्यता कमी असते. एवढं म्हणणं पुरेसं आहे, आणि ते थोडंथोडकं नाही.

गुणांच्या पाटीवर

या खेळाच्या आंतरराष्ट्रीय गुणपद्धतीत फेकीला २ गुण, गार्ड ओलांडण्याला ३, माउंटला ४ आणि पाठ पकडण्याला ४ गुण मिळतात. माउंटखालून सुटून परत गार्डमध्ये येण्याला शून्य. खालच्याने उलटवून वर चढलं तरी, सुरुवात गार्डमधून झाली नसेल तर त्या उलटवण्याचे गुण मिळत नाहीत. म्हणजे सर्वांत अवघड काम पाटीवर उमटतच नाही. प्रेक्षकांच्या लेखीही त्या दोन-तीन मिनिटांत काही घडलेलं नसतं.

तरीही चांगले शिक्षक सराव तिथूनच सुरू करतात. दोघांतला हलका माणूस मुद्दाम खाली, जड माणूस छातीवर, घड्याळात पाच मिनिटं. सुटला की पुन्हा खाली. वेळ संपल्याची घंटा होते, दोघे उठून हात मिळवतात आणि जागा बदलतात.