सर्रा: डेरा इस्माईल खान ते चंद्रपूर

१८८० साली पंजाबातल्या डेरा इस्माईल खानात लष्कराचे घोडे आणि उंट सर्रा या रोगानं मरत होते. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. पायांवर आणि पोटाखाली सूज, बाकी नुसता हाडांचा सापळा. ग्रिफिथ इव्हान्स या वेल्श पशुवैद्यानं आजारी जनावराच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तांबड्या पेशींना धक्के देत वळवळणारे जंतू दिसले. ते रक्त त्यानं निरोगी घोड्याला आणि कुत्र्याला टोचलं. दोघांनाही रोग जडला. आणखी कोणता पुरावा हवा होता? पण कलकत्त्याच्या तज्ज्ञांना ते पटेना. असे जंतू धडधाकट उंदरांतही सापडतात, हा त्यांचा मुद्दा. इव्हान्स शंभरीपर्यंत जगला, म्हणून मानसन्मान तरी पदरात पडला. जंतूचं नावच ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी झालं.

पुढचा धागा पुण्याचा. १८८९मध्ये इथं इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. आजच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचं हे मूळ. प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावर बरंच काम केलं, सोमलाचे उपचारही करून पाहिले. १८९३मध्ये प्रयोगशाळा मुक्तेश्वरला गेली. रोग घोडमाश्यांच्या चाव्यातून पसरतो, हे लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१मध्ये दाखवलं.

औषध आलं ते जर्मनीच्या बायरकडून: सुरामिन. कंपनीनं सूत्र गुप्त ठेवलं. पॅरिसच्या एर्नेस्ट फूर्नो यांनी १९२४मध्ये ते उलगडलं, हे बरंच झालं. १९४९च्या सुमारास क्विनापायरामिन आलं.

माणसाला सर्रा होत नाही, ही समजूत मात्र टिकून होती. २००४मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच जंतू सापडला. नागपूरच्या डॉक्टरांनी नोंदवलेली ही माणसातली पहिली खात्रीची केस, आणि रुग्णाला बरं केलं ते सुरामिननंच. पुढे कळलं, की एपीओएल१ हे प्रथिन आपल्या रक्तात या जंतूला मारतं. जनुकीय दोषामुळे त्या शेतकऱ्यात नेमकं तेच नव्हतं. जनावरांचे डॉक्टर आणि माणसांचे डॉक्टर अजूनही एकमेकांच्या ओपीडीत फारसे डोकावत नाहीत, हे मला खटकतं.

लस आजही नाही, कारण हा जंतू आपलं बाह्य आवरण सतत बदलत राहतो. म्हणून घोड्याला ताप येऊन-जाऊन असेल किंवा तापलेल्या कुत्र्याचं बुबुळ पांढुरकं दिसू लागलं, तर ताप चढलेला असतानाच रक्त तपासून घ्या.