ज्योतीला वारा चालत नाही

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही आठवडे बाजारात जा, बांगड्या मांडून बसलेला मणियार किंवा कासार भेटणारच. आमच्या नात्यातही मणियार मंडळी पुष्कळ. लग्नाआधी हिरवा चुडा भरताना होणारी किणकिण, बायकांची घासाघीस, ‘हात सैल सोड गं’ अशी मणियाराची ताकीद, हे सगळे आपल्या ओळखीचे आहे. ती बांगडी येते कुठून, हे मात्र आपण सहसा विचारत नाही.

बहुतेक वेळा ती येते उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून. तिथे कारखान्यात वितळलेल्या काचेची तार फिरत्या रुळावर गुंडाळतात. स्प्रिंगसारखे लांब वेटोळे तयार होते. ते उभे कापले की शेकडो कड्या सुट्या होतात. पण प्रत्येक कडीचे तोंड उघडे असते आणि तिची दोन टोके एका पातळीतही नसतात. ती सरळ करून जोडण्याचे काम कारखान्यात नव्हे, गल्लीबोळांतल्या घरांत चालते. लहानशा ज्योतीपुढे बाया बसतात, म्हातारे बसतात. कायद्याने बंदी असूनही पोरे बसलेली आढळली आहेत. टोक तापवायचे, चिकटवायचे, पुढची कडी घ्यायची. वाऱ्याने ज्योत हलली की सांधा बिघडतो. म्हणून पंखा बंद, दार ओढलेले. मे-जूनच्या उन्हाळ्यातसुद्धा.

ज्योतीला वारा चालत नाही आणि माणसाला वाऱ्यावाचून चालत नाही. घरात बसून काच घडवणाऱ्या प्रत्येकाची अडचण ती हीच.

महाराष्ट्राला काच नवी नाही. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाड्याला १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली ओगल्यांचा कारखाना सुरू झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील पुढे घराघरांत लागला. पण कारखाना म्हटला की उंच छप्पर आले, वर मोकळी जागा आली. १९४८ साली फॅक्टरी अ‍ॅक्ट झाला तेव्हाच त्यात एक कलम घातले गेले: धूळ किंवा वाफ जिथे निर्माण होते, होता होईल तो तिथूनच ती ओढून बाहेर टाकावी. गच्चीवरच्या दहा बाय दहाच्या खोलीत एकटाच काम करणाऱ्याला हे सांगायला कुठलाही इन्स्पेक्टर येत नाही.

अशा खोल्या आता आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. आमच्या नात्यातल्या एका मुलीने नगरला (सरकारदरबारी २०२४पासून अहिल्यानगर, पण एस. टी.च्या रांगेत अजून नगरच) घरच्या घरी काचेचे मणी घडवायला सुरुवात केली. टेबलाला बसवलेला बर्नर, एका बाजूने स्वयंपाकाचा गॅस, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन. ऑक्सिजनसाठी तिने एक जुने कॉन्सन्ट्रेटर घेतले होते. २०२१च्या दुसऱ्या लाटेत ज्या यंत्रासाठी लोक रात्र-रात्र फोन करत होते, तेच नंतर स्वस्तात मिळू लागले. आता त्याच्यावर मणी होतात. काम सुबक करते पोरगी. पण संध्याकाळी तिचे डोके चढायचे, घशात खवखव व्हायची. मला म्हणाली, ‘‘मामू, धूर तर कुठे दिसत नाही, मग त्रास कशाचा?’’

मी बी. ए.चा माणूस, त्यातून कवी. ज्योत म्हटली की मला परवाना आठवतो, रसायन नाही. पण तिचा प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर शोधण्यात माझे काही महिने गेले.

आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्यात जवळजवळ ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. हे दोघे वर्षानुवर्षे शेजारी राहतात, एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण फार तापवले की त्यांचा संयोग होतो. गॅसला ऑक्सिजनची जोड दिली की ज्योतीचे तापमान अडीच हजार अंशांच्या पुढे जाते, आणि तिच्या कडेची हवा या संयोगाला पुरेशी तापते. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड भरपूर साठला तर तांबूस दिसतो. खोलीत असतो तेवढा डोळ्याला दिसत नाही. तो पाण्यात सहज विरघळत नाही, त्यामुळे नाकाघशाच्या ओलाव्यात अडकून न पडता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. म्हणून सुरुवातीला नुसती खवखव वाटते आणि माणूस काम चालू ठेवतो. मात्रा मोठी असेल तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी साचू लागते. ज्योत मोठी आणि जास्त तापलेली, तर हा वायूही जास्त. साध्या मऊ काचेपेक्षा प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेला उष्णता अधिक लागते, म्हणून तिच्यावर काम करणाऱ्याने अधिक जपायला हवे.

दुसरा पाहुणा कार्बन मोनॉक्साइड. गॅसला ऑक्सिजन कमी पडला की तो होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोके चढणे हे त्याचे पहिले लक्षण, आणि आपण त्यावर चहा पिऊन मोकळे होतो.

तिसरी गोष्ट धातूंची. निळ्या काचेत कोबाल्ट असतो, जांभळ्या काचेत मँगनीज, पिवळ्या-केशरी-लाल काचेत पुष्कळदा कॅडमियम. काच काचेच्या रूपात असते तोवर हे धातू तिच्यात बांधलेले असतात. पण फार तापवून उकळवली, किंवा चकाकी आणण्यासाठी चांदी वा सोने ज्योतीत जाळून त्याची वाफ मण्यावर बसवली, तर ती वाफ काही मण्यापुरती थांबत नाही. कॅडमियमची गोष्ट आपल्या सराफ बाजाराला चांगली ठाऊक असायला हवी. केडीएम दागिना म्हणजे कॅडमियम मिसळलेल्या डाखाने सांधलेला दागिना. सोने १०६४ अंशांना वितळते, कॅडमियम ७६७ अंशांना उकळतेसुद्धा. म्हणजे सांधा बसेपर्यंत थोडे कॅडमियम कारागिराच्या श्वासात गेलेलेच असायचे. संध्याकाळी अंग मोडून ताप, छातीत दुखणे, ‘फ्लू झालाय’ म्हणून झोपणे, आणि खरे दुखणे फुप्फुसात. कर्करोगाशीही त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. आता हॉलमार्कच्या दागिन्यात कॅडमियम चालत नाही. पण केडीएम हा शब्द मात्र शुद्धतेची खूण असल्यासारखा अजून गिऱ्हाइकांच्या तोंडी आहे.

मग करायचे काय? याचे उत्तर आपल्या जुन्या माळवदाच्या घरात होते. नगरकडच्या धाब्याच्या घरांत चुलीच्या वर छपराला एक भोक ठेवलेले असायचे. त्याला साणे म्हणतात. चुलीचा धूर तापून वर चढायचा आणि साण्यातून जायचा, दारातून गार हवा जमिनीलगत आत यायची. हवेला येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी, आणि स्वयंपाक करणारीचे तोंड त्या दोन वाटांच्या मध्ये येत नसे, निदान येऊ नये अशी योजना होती. प्रत्यक्षात किती आयांचे डोळे त्या धुराने गेले ते आपण जाणतो. पण योजना बरोबर होती.

छताच्या पंख्याने यातले काहीच साधत नाही. तो तीच हवा खोलीत घुसळत राहतो. नुसती खिडकी उघडली तर वारा असेल त्या दिवशी ज्योत हलते, नसेल त्या दिवशी हवा हलत नाही. कोपऱ्यात उंचावर लावलेला एक्झॉस्ट फॅनही अपुरा, कारण ज्योतीपासून तिथपर्यंतची वाट बहुधा आपल्या नाकावरून जाते. हवे ते असे: ज्योतीच्या मागे आणि वर पत्र्याचा एक टोप, तीन बाजूंनी बंद, समोरून उघडा, ज्योत त्याच्या आत, माणूस बाहेर. टोपाच्या माथ्यावरून पाइप, पाइपाच्या टोकाला हवा बाहेर फेकणारा ब्लोअर. आणि ताजी हवा माणसाच्या पाठीमागून, दाराच्या किंवा खिडकीच्या फटीतून. हवा पाठीवरून, खांद्यावरून ज्योतीकडे जाते. ती संथ आणि एकाच दिशेने जात असल्यामुळे ज्योत फडफडत नाही, फार तर किंचित मागे कलते.

किती हवा ओढायची याचा एक ढोबळ हिशेब आहे. टोपाच्या तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला साधारण शंभर फूट हवा. तोंड तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच असेल तर क्षेत्रफळ सहा चौरस फूट. म्हणजे मिनिटाला सहाशे घनफूट. पंख्याच्या खोक्यावर असतो त्या भाषेत तासाला सुमारे एक हजार घनमीटर. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पाइप लांब झाला, त्याला दोन कोपर आले, तोंडाला जाळी बसली की तो बराच खाली येतो. म्हणून पाइप रुंद, आखूड आणि सरळ हवा. आणि दहा बाय दहा बाय नऊची खोली म्हणजे नऊशे घनफूट. तेवढी हवा दीड मिनिटात बाहेर जाणार. ती भरून काढायला दार उघडे नसेल तर पंखा नुसता गुरगुरत राहील.

आमच्याकडे पत्र्याच्या कोठ्या करणाऱ्या एका कारागिराने हा टोप करून दिला. त्याची परीक्षा उदबत्तीने घेतली. नाक असते त्या उंचीवर, बसायच्या जागी उदबत्ती धरायची. धुराची रेघ सरळ टोपात गेली तर काम झाले. आमची पहिल्या दिवशी छताकडे गेली. ब्लोअर ठीक होता. पोरीने धूळ येते म्हणून मागचे दार लावून घेतले होते.

मास्कबद्दल. कोरोनाने आपल्या सगळ्यांना एन-९५ची ओळख करून दिली. तो कण अडवतो, वायू अडवत नाही. नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडपुढे तो रुमालाइतकाच. मास्कचे काम धुळीपाशी. मणी ज्या सळईवर घडतो तिला मातीचा लेप असतो. तो सुकल्यावर खरवडताना उडणारी पूड वाईट, म्हणून मणी पाण्यात भिजवूनच साफ करावेत. ही धूळ काय करते ते पाहायला दूर जायला नको. गुजरातेत खंभातला अकीक घासणारे कारागीर आहेत. आमच्यात पुष्कळांच्या बोटात अकीकची अंगठी असते, मोठ्या आदराने घातलेली. तो खडा घरोघरी घासता घासता तिथल्या कित्येकांना सिलिकोसिस झाला. फुप्फुस कडक होत जाणारा हा रोग, बरा न होणारा. तो काचेच्या नव्हे, दगडाच्या धुळीचा, हे खरे. पण मण्याच्या लेपात सिलिका असू शकते.

गॅसचे सिलिंडर या टोपाच्या भरवशावर ठेवू नये. एलपीजी हवेहून जड, गळला तर जमिनीवर पसरतो, वरच्या टोपाला त्याची खबरही लागत नाही. सिलिंडर खोलीबाहेर, उघड्यावर ठेवावे आणि काम संपल्यावर आधी तिथला कॉक बंद करावा. ऑक्सिजनच्या जोडाला तेलाचा किंवा ग्रीसचा हात लावू नये. ब्लोअर ज्योत पेटवण्याआधी सुरू करावा आणि विझवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा. लोडशेडिंग असेल त्या तासात काम नाही. ज्योत विजेवाचून जळते, ब्लोअर फिरत नाही.

आणि ज्योतीपुढे बसून उठल्यावर रात्री दम लागला, कोरडा खोकला थांबेना, छाती आवळल्यासारखी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हे सांगावे की आज मी बंद खोलीत इतके तास गॅसच्या ज्योतीवर काम केले आहे. डॉक्टरांना ते आपणहून कळण्याचा मार्ग नाही. आपल्या अंगाला धुराचा वाससुद्धा येत नसतो.