समुद्रातून ऊब घेणारा देश

युरोपचा नकाशा उघडा आणि भूमध्य समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर मोनॅको हा देश शोधा. एका ठिपक्यापलीकडे काही दिसणार नाही. क्षेत्रफळ अवघे २ चौरस किलोमीटर! तीन बाजूंना फ्रान्स आणि चौथ्या बाजूला समुद्र. एवढ्याशा जागेत सुमारे ३८ हजार लोक राहतात. शेती नाही, खाण नाही, धरण बांधावे अशी नदीही नाही. वीज बहुतांशी फ्रान्सकडून घ्यावी लागते. मग हिवाळ्यात घरे उबदार ठेवायची कशी?

या देशाने उत्तर शोधले ते दारातल्या समुद्रात. १९६३ सालापासून तेथे समुद्राच्या पाण्यातील उष्णता पंपाने खेचून वापरली जाते. आज असे ऐंशीच्या आसपास उष्णता-पंप तेथे काम करीत आहेत.

तुम्ही म्हणाल, हिवाळ्यात तर तो समुद्र जेमतेम १३ अंश सेल्सियस असतो. अशा पाण्यात उतरले तर हुडहुडी भरेल. त्यातून ऊब कसली मिळणार? पण थंड म्हणजे उष्णता मुळीच नसलेले, असे नव्हे. निरपेक्ष शून्य तापमान उणे २७३ अंशांवर आहे. त्या मानाने १३ अंशांचे पाणी २८६ अंश वर आहे! त्यात उष्णता भरपूर आहे, फक्त ती आपणहून गरम खोलीकडे जात नाही. उतारावरचे पाणी चढावर न्यायला पंप लागतो, तसेच हे.

असा पंप तुम्ही पाहिलेला आहे. तो म्हणजे शीतकपाट. शीतकपाट आतल्या पदार्थांतील उष्णता काढून बाहेर टाकते. उष्णता-पंपात पदार्थांच्या जागी समुद्राचे पाणी असते. नळ्यांमध्ये अगदी कमी तापमानाला उकळणारा एक द्रव खेळवतात. समुद्राच्या पाण्याची उष्णता शोषून त्याची वाफ होते. विजेवर चालणारा दट्ट्या ही वाफ दाबतो. दाबामुळे तिचे तापमान वाढते. (सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, ते आठवा.) ही तापलेली वाफ आपली उष्णता इमारतीतल्या पाण्याला देते, पुन्हा द्रव होते आणि फेरी नव्याने सुरू होते. एक भाग वीज खर्चून साधारण तीन भाग उष्णता हाती येते. उन्हाळ्यात फेरी उलट फिरवली की तेच यंत्र इमारत थंड करते.

मोनॅकोचे आजचे धोरणही याच वाटेने जाते. हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत ५५ टक्क्यांनी कमी करायचे आणि २०५० पर्यंत कार्बनचा जमाखर्च समतोल करायचा, असे त्या देशाने ठरवले आहे.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे. मोनॅकोने समुद्राकडून केवळ ऊब घेतली नाही, जमीनही घेतली. फाँव्हिए हा अख्खा विभाग गेल्या शतकात समुद्र हटवून उभारला गेला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये मारेतेरा नावाच्या आणखी ६ हेक्टर भूमीचे उद्घाटन झाले. त्यासाठी प्रत्येकी सुमारे १० हजार टन वजनाच्या १८ काँक्रीटच्या पेट्या समुद्रतळावर ओळीने बसवाव्या लागल्या.

त्या तळावर पॉसिडोनिया नावाची वनस्पती होती. हे शेवाळ नव्हे. तिला मुळे, पाने, फुले सारे काही असते. तिच्या कुरणांत माशांची पिले वाढतात आणि तळाच्या मातीत कार्बन साठून राहतो. ती वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरते. भराव घालण्यापूर्वी तिची काही कुरणे मातीसकट उचलून दुसरीकडे लावण्यात आली. काळजी घेतली गेली हे खरे. पण जो समुद्रतळ गाडला गेला, तो गेलाच. उपसलेली उष्णता सूर्य पुन्हा भरून देतो. भराव घातलेला समुद्र कोण भरून देणार?

समुद्र आपला एकट्याचा नाही, हेही या देशाने ओळखले आहे. घाण पाण्याला सीमा माहीत नसते. म्हणून १९७६ साली फ्रान्स, मोनॅको आणि इटली यांनी किनारा प्रदूषणापासून राखण्यासाठी करार केला. साँ-राफाएल, मोनॅको आणि जेनोआ या तीन ठिकाणांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘रामोजे’ म्हणतात. त्याच वर्षी मोनॅकोने लार्व्होत्तो येथे समुद्राचा एक भाग राखीव केला.

देश लहान असला की निसर्गाचा हिशेब चटकन डोळ्यांसमोर येतो. मोठ्या देशात तो दूर कुठेतरी दडून राहतो, एवढाच फरक. आपल्या गावाने किंवा शहराने नदीकडून, डोंगराकडून, समुद्राकडून काय काय घेतले? त्यातले पुन्हा भरून येणारे कोणते आणि कायमचे गेलेले कोणते? वहीत दोन रकाने आखा आणि वर्गात सर्वांनी मिळून ते भरून पाहा.