फुलांवरील पट्टेरी ‘हिंगे’ : ओळख आणि दक्षता
खुर्सीपार (भिलाई) : पावसाळ्याच्या उत्तरार्धात मध्य भारतातील गवताळ माळांवर, फुलांवर काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा भुंगेरा दिसतो. तो मायलाब्रिस पुस्तुलाटा होय. महाराष्ट्रातील बाजरी उत्पादक या गटाला ‘हिंगे’ म्हणतात. सुमारे दोन सेंटिमीटर लांबट शरीर, अरुंद मान, खाली झुकलेले डोके आणि चामड्यासारखे मऊ पुढचे पंख या त्याच्या खुणा होत. मावा खाणारा उपकारक ढालकिडा याउलट गोलाकार असतो.

हिंगे परागकण व फुले खात असल्याने कणसांत दाणे भरत नाहीत. मात्र त्यांच्या अळ्या जमिनीतील नाकतोड्यांची अंडी फस्त करतात. हा भुंगेरा चिरडल्यास त्यातील कँथरिडिनमुळे त्वचेवर फोड येतात. त्यामुळे त्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये. झाल्यास त्वचा साबणाने धुवावी.