घाट चढण्याआधी

श्रावणातल्या शनिवारी सकाळी परतवाड्याच्या रस्त्याकडेला तासभर उभे राहिले, तर अमरावती, अकोला आणि नागपूरकडून येणाऱ्या मोटारींची रांग संपता संपत नाही. बहुतेकांना दुपारच्या आत चिखलदरा गाठायचा असतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना किराणा, मिठाई, फरसाण, कापड, औषधे अशी दुकाने आहेत. त्यांतील कित्येक तिसऱ्या पिढीच्या हातात आलेली आहेत. गाड्या त्यांच्या दारावरून जातात आणि रविवारी सायंकाळी त्याच दारावरून परततात. गल्ल्यावर बसलेला दुकानदार रांग पाहतो आणि गर्दी वाढली म्हणून समाधान मानतो. रोजमेळात मात्र ती गर्दी उतरलेली दिसत नाही.

विदर्भातील एकमेव थंड हवेचे ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचा लौकिक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 1118 मीटर उंचीवरील हे पठार 1823 साली हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सन यांच्या नजरेस आले. पुढे इंग्रजांनी येथे कॉफीची लागवड केली. भीमाने कीचकाला ज्या दरीत लोटले ती कीचकदरा, अशी नावाची लोककथा आहे. शेजारी गाविलगड आणि 1974 साली व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झालेला मेळघाट. परतवाड्याहूनच मुक्तागिरीची वाट फुटते. 52 जिनालयांचे हे सिद्धक्षेत्र मध्यप्रदेशातील बैतूल जिल्ह्यात असले, तरी महाराष्ट्रातील यात्रेकरू परतवाड्यावरूनच तेथे जातो. अकोल्याच्या बाजूला नरनाळा, शेगाव आणि पूर्वी अकोला जिल्ह्यात व 1998 पासून वाशीम जिल्ह्यात असलेले शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ. एवढी ठिकाणे हाताच्या अंतरावर असताना वऱ्हाडातील लहान व्यापारी पर्यटनाचा विचार करतो तो फार तर शीतपेयांच्या दोन पेट्या जादा मागवण्यापुरता.

जाहिरातीचे नाव काढले की त्याच्या डोळ्यांसमोर मोठा फ्लेक्स येतो. त्या फ्लेक्सचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा, मोक्याच्या वळणावरील फलकाचे भाडे महिन्याला 6000 रुपये पडले. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे 24,000 झाले. मिठाई-फरसाणाच्या दुकानात खर्च वजा जाता शेकडा 20 सुटतात असे धरले, तर केवळ फलकाचे पैसे निघण्यासाठी 1,20,000 रुपयांची जादा विक्री व्हावी लागेल. पर्यटक सरासरी 150 रुपयांचा माल घेतो असे मानले तर ही 800 नवी गिऱ्हाइके झाली. म्हणजे दर शनिवार-रविवारी 47 माणसे, तीही केवळ तो फलक वाचून आलेली. पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतून ती येतील का, हे ज्याचे त्याने ठरवावे. हंगाम चार महिन्यांचा आणि रोख कर्जावरचे व्याज बारा महिन्यांचे. अशा धंद्यात 24,000 रुपये ही लहान रक्कम नव्हे.

याच पट्ट्यात फलकावाचून उभे राहिलेले एक नाव सर्वांच्या तोंडी आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेले तीरथराम शर्मा यांनी 1950 च्या सुमारास शेगाव स्थानकावर कचोरी विकायला सुरुवात केली. मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या या स्थानकात गाडी थोडाच वेळ थांबते. प्रवाशाला भूक असते, पण उतरून दुकान शोधण्याइतका वेळ नसतो. कचोरी कोरडी, हातात धरून खाता येणारी, तळलेल्या हिरव्या मिरचीसोबत चालणारी आणि शिदोरीत टाकली तर पुढच्या प्रवासात टिकणारी. श्री गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारा भाविक ती घरी नेऊ लागला आणि रेल्वेने तिचे नाव फुकटात मुंबईपासून कोलकात्यापर्यंत पोहोचवले. या उदाहरणातील खरी गोष्ट चवीइतकीच जागेची आहे. जेथे माणूस पाच मिनिटे रिकामा बसलेला आहे, तेथे माल त्याच्या हातात पोहोचला. दुसरे असे की पदार्थाला गावाचे नाव चिकटले; कचोरी खाणाऱ्याने नाव सांगितले की पत्ताही सांगून होतो. आज महाराष्ट्रभर ‘शेगाव कचोरी’च्या पाट्या दिसतात, त्यांतील कितीकांनी शेगाव पाहिले असेल हा वेगळा प्रश्न. आपल्याकडे खोटे माप आणि बनावट मालाचा व्यवहार यांची गणना अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत केली आहे, ती उगाच नाही.

अकोला-अकोट मार्गावर पूर्णेकाठच्या गांधीग्रामचेही असेच. श्रावणात अकोल्याच्या राजराजेश्वराची कावड येथूनच पाणी घेऊन निघते आणि येणारा-जाणारा गुळपट्टी घेतल्याखेरीज पुढे जात नाही.

परतवाड्याजवळ अशी थांबायची जागा कोणती? उत्तर भूगोलातच आहे. घाट लागला की मोबाइलची रेंज डळमळू लागते आणि मेळघाटात बऱ्याच ठिकाणी ती मिळतच नाही. म्हणजे पर्यटक जेवण कोठे घ्यायचे, परतताना काय न्यायचे, हे बहुधा रेंज असेतोवर, पायथ्याशी किंवा आदल्या रात्री घरीच ठरवतो. वर पोहोचल्यावर त्याला भ्रमणध्वनीवर गाठू पाहणे व्यर्थ आहे. दुकानाची माहिती त्याआधी त्याच्या नजरेस पडायला हवी, आणि यासाठी आज सर्वांत स्वस्त साधन म्हणजे गूगलच्या नकाशावरील दुकानाची नोंद. तिला शुल्क लागत नाही. पडताळणीसाठी बहुधा दुकानाचा फलक, समोरचा रस्ता आणि आतला भाग दाखवणारे छोटेसे चित्रण मागितले जाते. घरातील महाविद्यालयीन मुलगा किंवा सून हे काम एका दुपारी उरकू शकते. ‘गूगलमधून बोलतो आहोत, नोंद चालू ठेवण्यासाठी पैसे भरा’ असे दूरध्वनी पुष्कळांना येतात. त्यांना एक रुपयाही देऊ नये आणि ओटीपी तर कदापि सांगू नये.

नोंद करताना बहुतेक जण नाव आणि क्रमांक टाकून थांबतात. पर्यटकाला त्यापेक्षा साध्या गोष्टी हव्या असतात. रविवारी सायंकाळी दुकान उघडे असते का? गाडी उभी करायला जागा आहे का? नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे दिलेले असावे. कारण परतवाड्याचेच रोमन स्पेलिंग लोक दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. छायाचित्रे आपल्याच मालाची असावीत. इंटरनेटवरून उचललेल्या चकचकीत थाळीमुळे गिऱ्हाईक एकदा येते आणि समोरची थाळी पाहून कायमचे जाते.

अभिप्रायांचा बाजार हा त्याहून वाईट प्रकार. शंभर अभिप्राय अमुक रुपयांत लिहून देणारे दलाल आता तालुक्याच्या गावीही फिरतात. भारतीय मानक ब्यूरोने 2022 साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक काढले आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना दंड आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी ज्या पेढीचा शब्द बाजारात हुंडीसारखा चालत होता, तिने विकतची स्तुती दारावर टांगावी हे शोभत नाही. समाधानी गिऱ्हाइकाला बिल देताना ‘दोन ओळी लिहाल का’ असे विचारले, तर पुष्कळ जण आनंदाने लिहितात. कोणी तक्रार लिहिली, तर तिला नम्र उत्तर द्यावे. चुकलेल्या दुकानाने चूक कशी निस्तरली हे पुढचा वाचक फार बारकाईने पाहतो.

मुक्तागिरी आणि शिरपूरच्या यात्रेकरूंबाबत तर आपल्या व्यापाऱ्याकडे असे भांडवल आहे जे मोठ्या हॉटेलला विकत घेता येत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण, कंदमुळाविना भाजी, गाळलेले व उकळलेले पाणी ही त्याच्या घरची नित्याची रीत. गुजरात, राजस्थान किंवा कर्नाटकातून येणाऱ्या कुटुंबाला नेमके हेच शोधावे लागते. ‘जैन भोजन, सायंकाळी साडेपाचपर्यंत, आदल्या दिवशी कळवावे’ एवढे एक वाक्य नकाशाच्या नोंदीत असले, तर अशा कुटुंबाची निम्मी चिंता मिटते. अर्थात, असे लिहायचे ते स्वयंपाकघरात खरोखर तसे होत असेल तरच.

आता पाकीट. चिखलदऱ्याच्या परिसरात गवळी समाजाच्या म्हशींच्या दुधाचा खवा आणि रबडी नावाजलेली आहे; मेळघाटचा मध आहे; खाली अचलपूर, मोर्शी, वरुडकडे संत्र्यांचे बगीचे आहेत. हा माल कोऱ्या पिशवीत बांधून दिला की घरी पोहोचेपर्यंत कोणत्या दुकानाचा होता हे विसरले जाते. लेबलाला दीड रुपया पडतो असे धरले, तर वरील फलकाच्या 24,000 रुपयांत 16,000 लेबले होतात आणि प्रत्येक लेबल कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन बसते. त्यावर गावाचे नाव ठळक असावे, शिवाय वजन, किंमत, तारीख, पत्ता, शाकाहाराची हिरवी खूण आणि अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक. हा तपशील कायद्यासाठी आवश्यक आहेच, पण परगावचे गिऱ्हाईकही तो वाचूनच निश्चिंत होते. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू झाली असून तीही विनाशुल्क आहे. तिच्यासाठी दलालाला पैसे मोजण्याचे कारण नाही.

व्हॉट्सअॅप बिझनेसवर मालाची सचित्र यादी फुकट लावता येते. तेथे एक मेख आहे. एकाच वेळी अनेकांना धाडलेला निरोप फक्त ज्यांनी दुकानाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणून क्रमांक पाकिटावर छापून भागत नाही. मध किंवा खवा घेणाऱ्याला ‘नंबर जपून ठेवा, कुरियरने पाठवू’ असे सांगावे लागते. खव्याचे मात्र कुरियरने धाडण्याचे धाडस करू नये.

2018 साली राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा पुष्कळ दुकानदारांनी कुरकुर केली. ज्यांनी नाव छापलेली कापडी पिशवी दिली, त्यांचे नाव पुढे वर्षानुवर्षे भाजीबाजारात फिरते आहे. तिथीदर्पणाचेही तेच. त्याच्या पाठीमागे मुक्तागिरी, चिखलदरा, नरनाळा यांचा साधा नकाशा आणि त्यावर आपले दुकान छापले, तर रेंज नसलेल्या घाटातही तो उघडता येतो.

गाडीचालकांना दलाली देऊन गिऱ्हाईक खेचण्याची चाल पर्यटनस्थळी सर्रास आहे. शेकडा 10 दलाली म्हणजे वर धरलेल्या नफ्याचा अर्धा भाग गेला, आणि तो दर गिऱ्हाइकामागे कायमचा गेला. मग भाव वाढतो किंवा वजन घटते. त्यापेक्षा चालकाला सावलीत बसायला बाक आणि एक चहा, आणि बायका-मुलांसाठी कुलूप न लावलेले, पाणी असलेले स्वच्छतागृह एवढे करून पाहावे. या रस्त्यावर बायकांना थांबायला जागा नाही ही तक्रार ज्या घरात ऐकू आली नाही असे घर विरळा. गाडी कोठे थांबवायची हे पुढे बसलेला पुरुष ठरवतो असा दुकानदारांचा समज आहे, तो बरोबर नाही.

यांतील काय उपयोगी पडले हे कळण्यासाठी रोजमेळात एक रकाना जादा आखावा. नव्या गिऱ्हाइकाला पैसे घेताना एकच प्रश्न विचारावा, ‘आमचे दुकान कसे कळले?’ नकाशा, पाकीट, चालक, ओळखीचे, जाता जाता दिसले, अशा पाच खुणा पुरेत. ज्या खुणेखाली काहीच पडत नाही, तिच्यावरचा खर्च दिवाळीला बंद करावा. फलक रंगवणे, लेबले छापणे, नकाशावरील वेळा तपासणे ही कामे मे महिन्यातच उरकलेली बरी. जूनमध्ये पहिली सर आली की त्याच शनिवारी रांग लागते आणि त्यानंतर छापखान्यात जायला कोणालाच सवड नसते.