आधी श्वास, मग हातपाय

मोठ्या माणसाला पोहायला शिकवताना हातपाय मारणं सर्वांत शेवटी येतं. सांगलीत मी महिलांची बॅच घेते. चाळिशी-पन्नाशीतल्या बायका पहिल्या दिवशी कठडा घट्ट धरून म्हणतात, "मॅडम, आता या वयात काय जमणार?" अडचण वयाची नसते. आमच्या भागातली पोरं विहिरीत शिकली. कमरेला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधायचा, मामानं नाहीतर काकानं ढकलायचं. चार दिवसांत पोरगं सूर मारायला लागायचं. मुलींना त्या विहिरीवर क्वचितच कुणी नेलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्याच जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावाला बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. तेव्हापासून पोहणं ही मला निव्वळ हौस वाटत नाही.

मी कुणालाही ढकलत नाही. लहान मूल कारण न विचारता शिकतं. मोठ्या माणसाला कारण कळलं की भीती ओसरते. म्हणून आधी समजावून सांगते.

पाण्यात तोंड घातलं की नवखं माणूस श्वास कोंडून धरतं आणि थोड्याच वेळात कासावीस होतं. शरीरातला प्राणवायू तेव्हा संपलेला नसतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्यामुळे श्वास घ्यायची घाई सुटते. शिवाय पोहताना तोंड पाण्याबाहेर येतं ते क्षणभरच. कोंडलेला श्वास सोडणं आणि नवा घेणं, दोन्ही तेवढ्यात होत नाही. म्हणून सुरुवातीला फक्त बुडबुडे: तोंडानं श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात घालायचा आणि नाकातोंडानं सावकाश सोडायचा.

मग तरंगणं. छातीत हवा भरलेली असली की बहुतेकांचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं भरतं. चरबीचं प्रमाण जास्त असल्यानं बायकांना तर हे अधिक सोपं जातं. पण घाबरून डोकं वर काढलं की कंबर आणि पाय खाली जातात. हवा छातीत आणि शरीराचा भार कमरेजवळ, त्यामुळे तराजूसारखं एक टोक उचललं की दुसरं बसतं. नजर तळाकडे ठेवली, मान सैल सोडली की पाय आपोआप वर येतात.

तरंगण्याइतकंच महत्त्वाचं आहे परत उभं राहणं. गुडघे पोटाशी घ्यायचे, तळहातांनी पाणी खाली दाबायचं, डोकं उचलायचं आणि पाय तळाला टेकवायचे. आपल्याला हवं तेव्हा थांबता येतं, हे एकदा कळलं की हात कठडा सोडतो.

त्यानंतर हातपाय. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असतं. त्याच्याशी झटापट केली तर दमच लागतो. पाय गुडघ्यातून सायकलसारखे न फिरवता मांडीपासून, घोटे सैल ठेवून हलवायचे. श्वास घेताना डोकं उचलायचं नाही, फक्त कुशीवर वळवायचं. गॉगलची एक काच पाण्यातच राहिली पाहिजे.

कपड्यांचा संकोच असेल तर पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाख मिळतो. सुती सलवार मात्र भिजून जड होते. हृदयविकार, फिट्स किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. तलाव निवडताना उथळ भाग किती खोल आहे, जीवरक्षक हजर असतो का आणि शिकवणारी व्यक्ती स्वतः पाण्यात उतरते का, हे बघावं.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकीला बजावते. तलावात आलं म्हणजे नदीत आलं असं नाही. तिथे ओढ असते, गाळ असतो. कुणी बुडताना दिसलं तर उडी टाकू नका. माणसं बोलवा, दोर, बांबू किंवा रिकामा कॅन पुढे करा.

दर उन्हाळ्यात मुलं पाण्यात असतात आणि त्यांच्या आया टॉवेल घेऊन कठड्यावर बसलेल्या असतात. त्या आयांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मुलाचा फॉर्म भराल, तेव्हा एक आपलाही भरा.