बर्गरच्या दुकानातील नोकरी : मुलाखतीला जाण्यापूर्वी

बारावी झाली, कॉलेजात नाव घातले, पण फी, गाडीभाडे आणि घरखर्च यांचा मेळ बसत नाही, अशी मुलेमुली आज आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. मॉलमधल्या किंवा स्टेशनसमोरच्या बर्गर-पिझ्झाच्या दुकानावर ‘कामगार पाहिजेत’ अशी पाटी त्यांना दिसते. आत जावे की नाही या विचारात दोन दिवस जातात आणि जागा भरून जाते. इंग्रजी येत नाही, भारी कपडे नाहीत, कोणाची ओळख नाही, ही तीन कारणे बहुतेकांच्या तोंडी असतात. आमच्या मते यांपैकी एकाही कारणाने मागे फिरू नये. उणीव असते ती तयारीची, आणि ती तयारी चार दिवसांत घरबसल्या होते.

हे काम हलके आहे काय?

“एवढे शिकून लोकांची टेबले पुसायची काय?” असे घरातील वडीलधारी माणसे विचारतात. ज्या समाजावर गावची शिळी भाकर लादली गेली, त्याच्या मनात हा प्रश्न येणारच. परंतु ती भाकर जातीमुळे वाट्याला येत होती. येथे कामाचे तास ठरलेले असतात आणि त्याचा पगार मिळतो. चांगल्या दुकानात काउंटर, तळण, पॅकिंग आणि साफसफाई ही कामे सर्वजण पाळीपाळीने करतात.

मुंबईच्या कापड गिरण्यांची आठवण येथे करून द्यावीशी वाटते. धोट्यात नवी कांडी भरताना सूत तोंडाने ओढावे लागे. त्यामुळे विटाळ होतो, या सबबीखाली आपल्या माणसांना जास्त पगाराच्या साचेखात्यात घेत नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा अन्याय चव्हाट्यावर आणला. आज लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल उभा आहे. ज्यांच्या तोंडाला लागलेले सूत चालत नव्हते, त्यांच्या नातवंडांच्या हातचे अन्न आज शहरातील सर्व जातींची माणसे रांगेत उभी राहून पैसे देऊन घेतात. म्हणून या कामाला आम्ही हलके म्हणत नाही. मात्र शिक्षण सोडून ते धरू नये, शिक्षणासाठी धरावे.

आधी दुकान पाहून या

मुलाखतीच्या आधी एकदा त्या दुकानात जा. काही विकत घेतलेच पाहिजे असे नाही. फलक वाचा, गर्दी कोणत्या वेळी होते ते पाहा. काउंटरवरचा मुलगा गिऱ्हाइकाशी काय बोलतो ते कान देऊन ऐका. चार-पाच पदार्थांची नावे पाठ करा. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची भांडी व जागा वेगळ्या का ठेवतात, हे समजून घ्या. पाकिटावरचे हिरवे चिन्ह शाकाहाराचे असते, हे तर ठाऊकच हवे.

आदल्या रात्री आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पॅन कार्ड, बँकेचे पासबुक आणि दोन फोटो एका पिशवीत घाला. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवून परत घ्या, कोणाकडेही ठेवू नका.

पोशाख साधा पण धुतलेला व इस्त्री केलेला असावा. पायांत चप्पल नको, बूट हवेत. स्वतःचे नसतील तर भावाचे चालतील. नखे कापलेली, मुलांची दाढी केलेली, मुलींचे केस बांधलेले असावेत. अन्नाच्या दुकानात मॅनेजर सर्वांत आधी हात पाहतो. हार्बरची गाडी कधी रखडेल याचा नेम नाही, म्हणून अर्धा तास आधी पोचा.

प्रश्न कोणते आणि उत्तर कसे

प्रश्न ठराविक असतात. गिऱ्हाईक चिडले तर काय कराल? त्याचे ऐकून घेईन, क्षमा मागेन, चुकीचा पदार्थ बदलून देईन आणि तरीही भागले नाही तर मॅनेजरला बोलावीन. तळलेला पदार्थ खाली पडला तर? टाकून देईन आणि तसे सांगेन. ताप किंवा जुलाब झाले तर? कामावर येण्याआधी कळवीन, कारण आजारी माणसाने अन्नाला हात लावू नये. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील नियमांत अन्न हाताळणाऱ्याची दरवर्षी वैद्यकीय तपासणी सांगितली आहे, एवढे बोललात तरी समोरचा माणूस मान वर करून पाहील.

शनिवारी, रविवारी, सणाला याल का, हा प्रश्न हमखास येतो. परीक्षेचे दिवस आधीच सांगा. ‘केव्हाही येईन’ असे सांगून पुढे दांड्या मारण्यापेक्षा हे बरे.

‘अनुभव काय?’ या प्रश्नाला आपली मुले ‘काही नाही’ म्हणतात. असे का म्हणावे? ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पहाटेपासून पाणी व जेवण वाटणारे तुम्हीच ना? जयंतीला विहारात तीनशे माणसांची पंगत वाढणारे, वर्गणीचा हिशेब ठेवणारे तुम्हीच ना? रांग सांभाळणे, न चिडता बोलणे, दहाजणांनी मिळून काम उरकणे हाच तो अनुभव. खोटे एक अक्षर सांगू नका, पण खरे असेल ते गिळूही नका.

इंग्रजीची भीती बाळगू नका. मराठी किंवा हिंदीत नीट, सावकाश उत्तर द्या. नमस्कार, काय घ्याल, आणखी काही हवे का, धन्यवाद, एवढी चार वाक्ये इंग्रजीत घोकून ठेवा. धाकट्या बहिणीला गिऱ्हाईक करून घरातल्या घरात सराव करा.

आडनाव विचारले तर

आडनाव, गाव, वस्ती यांवरून चाचपणी करणारे लोक आजही आहेत. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जदारांना बोलावणे कमी येते, असे त्यांना आढळले. ते संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा एखाद्या ठिकाणी नकार आला तर सगळा दोष आपल्याच माथी घेऊ नका. आडनाव लपवू नका, बदलून सांगू नका. मान ताठ ठेवून सांगा आणि पुढच्या दुकानाची पायरी चढा.

तुम्हीही विचारा

मुलाखत एकतर्फी नसते. पगार तासावर की महिन्यावर? साप्ताहिक सुट्टी कोणती? साफसफाई सर्वांना पाळीने की ठराविक मुलांनाच? प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआय कापले जाते का? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार झाली आणि तिच्यातून १९४८ चा ईएसआय कायदा आला. तेव्हा हा प्रश्न विचारताना संकोच कसला?

मुलींनी सुटण्याची वेळ जरूर विचारावी. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवण्यासाठी तिची संमती आणि घरापर्यंत पोचवण्याची सोय आवश्यक ठरवली. आईवडिलांनी ‘मुलीला नकोच’ म्हणण्याआधी ही सोय आहे का, ते विचारून घ्यावे.

आणखी एक सावधगिरी. नोकरी लावतो म्हणून फॉर्मचे, गणवेशाचे किंवा ‘ट्रेनिंग’चे पैसे आधी मागणारा दलाल भेटला तर त्याला दुरूनच रामराम करा. काम देणारा पगार देतो, पैसे मागत नाही.

ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी आज रात्री जेवण झाल्यावर हा लेख मोठ्याने वाचावा, आणि आई-वडिलांपैकी एकाने मॅनेजर होऊन प्रश्न विचारावेत. पहिल्या दिवशी हसू येईल. चौथ्या दिवशी उत्तर येईल.